खुर्द्याची मोजदाद
पानिपताची कादंबरी नवागामात वाचताना

24 जानेवारी 1761. नानासाहेब पेशवे भेलशाच्या मुक्कामी होते, म्हणजे आजच्या विदिशाला. भाऊसाहेबांच्या मदतीला म्हणून निघालेली त्यांची स्वारी नर्मदा ओलांडून एवढीच पुढे सरकली होती. उत्तरेकडून एका सावकाराचा जासूद दक्षिणेत चालला होता. त्याला अडवून त्याच्याजवळचं पत्र उघडलं गेलं. पत्र पेशव्यांसाठी नव्हतं. एका पेढीने दुसऱ्या पेढीला कळवलेला तो सांकेतिक मजकूर होता, आणि त्यात माणसांची नावं नव्हती. दोन मोती गळाले होते, काही मोहरा हरवल्या होत्या, आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद लागत नव्हती.

दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे.

युद्धावर लिहिलेली कोणतीही कादंबरी उशिरा का होईना, या पत्रापाशी येऊन उभी राहते. मोती कसे गळाले हे सांगायला लेखणी आपसूक धावते, मोहरांचाही हिशेब लागतो. खुर्द्याचं तिने काय केलं, यावर मात्र तिची खरी पारख होते. पुढचं सगळं विवेचन या एका कसोटीभोवती फिरणार आहे. समोर ठेवलेलं मुख्य पुस्तक विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही 1988 सालची कादंबरी, आणि वाचक मनात धरला आहे तो सुरतेच्या नवागामातला.

नवागामच का, हे आधी सांगायला हवं.

उधना-लिंबायतच्या पलीकडे, दिंडोलीला लागून असलेल्या या वस्तीत गुजराती पाट्यांखाली मराठी आणि त्याहून जास्त अहिराणी ऐकू येते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली ही माणसं. कुणी लूमच्या खात्यात, कुणी साड्यांच्या मिलमध्ये, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात. उधन्याहून निघणारी रेल्वे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत नंदुरबार, अमळनेर आणि जळगावला पोचते, आणि या रुळांवरूनच तीन-तीन पिढ्यांची ये-जा झाली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. म्हणजे इथे मराठी कादंबरीचा वाचक आहे. पण मराठी समीक्षेने हा वाचक क्वचितच गृहीत धरला. पानिपतावर लिहिणारा समीक्षक पुण्यात बसून लिहितो, तेव्हा त्याच्या नकळत तो शनिवारवाड्याच्या बाजूने उत्तरेकडे बघत असतो. घर सोडून परमुलखात राहणाऱ्याला तीच पानं वेगळी दिसतात. धान्याचा भाव, अडकलेला पैसा, न आलेलं पत्र, परक्या हवेतली थंडी या गोष्टी त्याला पार्श्वभूमी वाटत नाहीत. त्याला त्या कथानकच वाटतात.

नकाशाही या वाचकाच्या बाजूने आहे. मार्च 1760 मध्ये भाऊंची फौज पटदूरहून निघाली आणि बुऱ्हाणपूरवरून नर्मदेकडे गेली. बुऱ्हाणपूर तापीच्या काठी आहे. तिथलं पाणी खानदेशातून वाहत सुरतेला येतं आणि डुमसजवळ समुद्राला मिळतं. पानिपतावर लढलेले दमाजी गायकवाड तर अगदी शेजारचे. त्यांची गादी सोनगडला होती, आणि तो किल्ला नवापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच येतो.

सुरतेत बसून युद्धाच्या कादंबरीविषयी बोलायचं तर आणखी एका पुस्तकाला आधी नमस्कार करावा लागतो. गुजराती भाषेतली पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते ती ‘करण घेलो’. 1866 साली ती लिहिली सुरतेच्या नंदशंकर तुळजाशंकर मेहता या शिक्षकाने. विषय कोणता? पराभव. गुजरातचा शेवटचा रजपूत राजा करण वाघेला आपल्या प्रधानाची, माधवची, बायको पळवतो. माधव सूड म्हणून दिल्लीला अलाउद्दीन खिलजीकडे जातो, खिलजीची फौज येते आणि राज्य बुडतं. हरलेला करण पुढे आश्रयाला जातो तो बागलाणात, म्हणजे थेट खानदेशाच्या दारात, आणि त्याची मुलगी देवलदेवी हिचं नाव जोडलं जातं देवगिरीच्या यादवांच्या घराशी. गुजराती कादंबरीचा जन्म पराभवाची गोष्ट सांगताना व्हावा, ती सुरतेत लिहिली जावी, आणि तिच्यातला हरलेला राजा मराठी मुलखाकडे पळावा, या तिन्ही गोष्टी इथल्या मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

नंदशंकरांची रचना कार्यकारणाची आहे. एक पाप, त्यातून एक सूड, त्यातून सर्वनाश. दोरी एकच आहे आणि तिचं टोक राजाच्या हातात आहे. अशा रचनेत वाचकाला दोषी कोण हे पहिल्या काही प्रकरणांतच कळतं, आणि उरलेलं पुस्तक म्हणजे शिक्षेची अंमलबजावणी. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला ती पटली, कारण युद्ध म्हणजे राजाच्या चारित्र्याचा निकाल अशीच समजूत होती. पानिपताच्या बखरीही बऱ्याच अंशी अशाच आहेत. भाऊंचा ताठा, ज्येष्ठांचा न मानलेला सल्ला, सूरजमल जाटाने सुचवूनही मागे न ठेवलेला बायकामाणसांचा आणि जड तोफांचा लवाजमा, अशी दोषांची माळ ओवली की पराभव आपोआप सिद्ध होतो. सगळं एका माणसाच्या स्वभावावर घातलं की बाकीचे मोकळे.

‘पानिपत’चं पहिलं मोठं काम या माळेचा धागा तोडणं हे होतं. पाटील त्या वेळी तिशीच्या आतले होते आणि सरकारी नोकरीत होते. त्यांच्या पाठीशी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं संशोधन होतं. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ हे मराठी पुस्तक 1961 साली, युद्धाला दोनशे वर्षं झाली तेव्हा आलं, आणि त्याने भाऊंकडे बघण्याची दृष्टी बरीच बदलली. कादंबरीने तो बदललेला भाऊ सामान्य वाचकाच्या घरात नेला. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मराठीत दारुण पराभवासाठी वापरला जातो. तो वापरताना थोडी जीभ अडखळावी, एवढं तरी या पुस्तकाने नक्की केलं.

पण बाजू मांडणं आणि कादंबरी रचणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून रचनेकडे वळू.

पानिपतावर लिहिणाऱ्याची पहिली अडचण अशी की शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ पडणार, विश्वासराव पडणार, एक लाख बांगडी फुटणार, हे मराठी मूल इतिहासाचं पुस्तक हाती येण्याआधी ऐकतं. ‘पुढे काय होणार’ हे हत्यार लेखकाच्या हातून गेलेलं असतं. उरतो तो प्रश्न ‘कधीपर्यंत टळू शकलं असतं’ हा. ‘पानिपत’ वाचताना जो ताण जाणवतो तो या प्रश्नाचा आहे. उदगीरची जीत, पटदूरचा निर्णय, चंबळेपलीकडचा पावसाळा, ऑगस्टमध्ये हाती आलेली दिल्ली, ऑक्टोबरात घेतलेला कुंजपुरा, प्रत्येक ठिकाणी वाटेला एक फाटा फुटतो आणि वाचक मनातल्या मनात म्हणतो, आता तरी परता. कुंजपुऱ्यात धान्य मिळालं, दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूचा सूड मिळाला, फौजेत उत्साह आला. त्याच सुमारास अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. विजयाच्या पोटातच कोंडी तयार झाली. इतिहासाने दिलेली ही घडणच इतकी नाट्यपूर्ण आहे की कादंबरीकाराने इथे फक्त तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं, आणि पाटील बऱ्याच ठिकाणी तेवढं शहाणपण दाखवतात.

काळाचा वेग हे दुसरं अंग. मोहिमेचे पहिले महिने मैलांत मोजले जातात. मुक्काम, नद्या, घाट, सरदारांच्या भेटी. नोव्हेंबर 1760 पासून दोन फौजा पानिपताजवळ समोरासमोर खंदक खणून बसल्या आणि मैल संपले. मग काळ शेरांत मोजला जाऊ लागतो. आज धान्य किती शेर, उद्या किती. शेवटी 14 जानेवारीचा एक दिवस येतो आणि तो घटकांत मोजावा लागतो. मैल, शेर, घटका. युद्धकादंबरीचा अभ्यास करणाऱ्याने पात्रांच्या याद्या करण्याआधी काळ मोजायची ही मापं कुठे बदलतात ते पाहावं. ‘पानिपत’मध्ये हा बदल नीट जाणवतो, आणि तिची ताकद शेवटच्या दिवसापेक्षा मधल्या अडीच महिन्यांत अधिक आहे, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे. तोफांच्या धुराची वर्णनं मराठीत याआधीही होती. तंबूतल्या उपासाची इतक्या तब्येतीने लिहिलेली पानं थोडी होती.

त्या उपासाचं शास्त्र समजून घेण्याजोगं आहे. फौजेला रसद मुख्यतः दोन वाटांनी मिळायची, दिल्लीहून आणि दुआबातून. दिल्लीची वाट अब्दालीने दाबली. दुआबात गोविंदपंत बुंदेले अब्दालीच्या पाठीमागे राहून धान्य आणि पैसा जमवत होते. डिसेंबरात ते मारले गेले आणि तीही वाट बंद झाली. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले, म्हणजे भाऊंजवळचा भरवशाचा सल्लागार गेला. उत्तरेतली डिसेंबर-जानेवारीची थंडी, दख्खनच्या हवेला सरावलेली माणसं, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, चाऱ्याविना पडणारी जनावरं आणि त्यांची दुर्गंधी. रात्री लाकूडफाटा आणि चारा आणायला बाहेर पडलेले लोक शत्रूच्या टोळ्यांच्या हाती सापडून कापले जात. हे बाहेर पडणारे शिलेदार नव्हते. ते बुणगे होते.

बुणगे. शब्दाचा उच्चारच तुच्छतेचा. मराठीत ‘बाजारबुणगे’ म्हटलं की बिनकामाची गर्दी डोळ्यांसमोर येते. त्यात कोण होते? पाणी वाहणारे पखालजी, नालबंद, लोहार, तेली, वाणी, खटारे हाकणारे, हत्तींचे माहूत, आचारी, जासूद, कलावंत, सरदारांच्या आणि शिपायांच्या बायका, आणि काशी-मथुरा-कुरुक्षेत्राची यात्रा घडेल म्हणून फौजेच्या सावलीने निघालेले स्त्री-पुरुष. लढणाऱ्यांपेक्षा यांची संख्या मोठी होती. इतिहासकारांनी या गर्दीला पराभवाच्या कारणांत जागा दिली. ही माणसं नसती तर फौज हलकी राहिली असती, हे हिशेबाने खरंच आहे. पण फौजेचा बाजार उभा राहतो तो त्यांच्यावर. नवागामातल्या वाचकाला हे उलगडून सांगावं लागत नाही. शहराचं कापड ज्यांच्या हातून निघतं त्यांची नोंद शहराच्या गोष्टीत किती होते, हे तो रोज पाहतो.

आता 14 जानेवारीच्या व्यूहाकडे बघितलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते. भाऊंनी ठरवलेली लढाई गोलाची होती. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफांचा आधार घेऊन, बाजूंना घोडदळ ठेवून, सगळी फौज एका मोठ्या गोलात चालवायची, आणि न लढणाऱ्यांना मध्ये घालून शत्रूच्या फळीतून वाट काढायची. म्हणजे या व्यूहाच्या केंद्रस्थानी कोणताही सरदार नव्हता. केंद्रस्थानी बुणगे होते. भाऊंची ती शेवटची योजना युद्ध जिंकण्याइतकीच माणसं वाचवण्याची होती. एक मांडणी अशी आहे की विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि सोनगडचे दमाजी गायकवाड यांना हा नवा कायदा अंगवळणी पडलेला नव्हता. समोर रोहिले दिसताच त्यांनी रांग सोडून घोडी घातली, आणि गोलाची कड तिथे फाटली. गनिमी काव्यात वाढलेल्या घोडेस्वाराला पायदळाच्या चालीने, रांग धरून, तासन्‌तास रेटत राहणं म्हणजे शिक्षाच. धैर्य कमी नव्हतं. सवय वेगळी होती.

कादंबरीच्या रचनेला यातून एक आरसा मिळतो. ज्या पुस्तकात कडेला शूर सरदार आहेत आणि मध्ये न लढणारी माणसं जपलेली आहेत, त्या पुस्तकाचा गोल शाबूत. सरदारांच्या पराक्रमाच्या ओढीने निवेदन एकदा रांग सोडून धावलं की मधली माणसं उघडी पडतात. ‘पानिपत’मध्ये हे दोन्ही घडतं. कोंडीच्या दिवसांत गोल धरलेला आहे. भूक, थंडी, बायकांची धास्ती, धान्य विकणाऱ्यांचे चढते भाव यांना पुरेशी जागा मिळते आणि पुस्तक एका माणसाचं राहत नाही. पण भाऊंची बाजू मांडण्याचा उत्साह मोठा आहे, आणि नजीबखान रोहिल्याला कपटाचं मूर्तिमंत रूप करण्याचा मोहही. नजीब हा धूर्त राजकारणी होता, अब्दालीला हिंदुस्थानात आणण्यात आणि अवधच्या शुजाउद्दौल्याला त्या बाजूला वळवण्यात त्याचा वाटा मोठा होता, हे निर्विवाद. तरी त्याला स्वतःचं भय होतं, दुआबातली स्वतःची जहागीर होती, मराठ्यांशी जुनं वैर होतं. शत्रूचं भय जिथे कळतं तिथे कादंबरी उंच जाते. नुसतं कपट दिसतं तिथे ती बखरीच्या पायरीवर उतरते. ही या पुस्तकाची खरी उणीव आहे, आणि ते आवडणाऱ्या वाचकानेही ती बोलून दाखवली पाहिजे.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीवर सर्वांत कठोर हरकत भालचंद्र नेमाडे यांनी घेतली. भूतकाळाच्या वैभवात रमवून वाचकाला वर्तमानापासून दूर नेणारा हा प्रकार आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख. खानदेशातल्या सांगवी गावातून आलेल्या लेखकाने ती घ्यावी याला वजन आहे, आणि दरबारी झगमगाटाने भरलेल्या कितीतरी पुस्तकांना ती तंतोतंत लागू पडते. ‘पानिपत’ला ती अर्धीच लागू पडते. वैभवाची ती गोष्ट नाही. दिवाळखोर खजिन्याची, थकलेल्या हुंड्यांची, वसूल न झालेल्या खंडणीची ती गोष्ट आहे. पैशाच्या मागणीची भाऊंची पत्रं एकामागून एक जात राहिली आणि पुण्याचा हात आखडलेलाच राहिला. नानासाहेब डिसेंबरच्या अखेरीस पैठणला दुसरं लग्न करत होते. त्या लग्नाला आणि पानिपतावरच्या उपासाला शेजारी ठेवण्यासाठी कादंबरीकाराला कल्पना करावी लागत नाही, तारखाच तसं करतात.

अंतराचा हा विषय पुढे नेला की युद्धकादंबरीची दुसरी मोठी अडचण समोर येते. युद्ध कुणाला दिसतं? स्तांधालने 1839 साली ‘पार्माचा मठ’ या कादंबरीत आपल्या तरुण नायकाला वॉटर्लूच्या रणात धाडलं आणि त्याला काहीच दिसू दिलं नाही. धूर, चिखल, सैरावैरा धावणारी घोडी. आपण लढाईत होतो की नाही, याची खात्रीही त्या पोराला नंतर वाटत नाही. टॉलस्टॉयने तोच धडा उचलला. बोरोदिनोच्या लढाईत त्याने पिअरला, एका मुलकी माणसाला, पांढरी टोपी घालून तोफखान्याच्या टेकाडावर उभं केलं. ज्याला सेनापतीचा नकाशा वाचता येत नाही अशाच्या डोळ्यांनी लढाई दाखवण्याची ही युक्ती पुढे जगभर पसरली. मराठी ऐतिहासिक कादंबरीने ती फारशी स्वीकारली नाही. तिचा निवेदक बहुधा हत्तीवरच्या अंबारीत बसतो. त्याला मैदान दिसतं, डावा-उजवा कोपरा दिसतो, अब्दालीचा वजीर शहावलीखान कुठे आहे तेही दिसतं. लढाई समजायला हे सोयीचं आहे, आणि मराठी वाचकाला ती समजून घ्यायची असते, म्हणून तो दोष म्हणून टाकून देता येत नाही. तरी अंबारीतून माणसाचा चेहरा दिसत नाही.

आश्चर्य म्हणजे अंबारीखालची जागा मराठीत फार आधी एका लेखकाने घेतली होती. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ 1939 साली आली. नाव रणांगण, आणि आत एकही लढाई नाही. आहे एक बोट, युरोपातून मुंबईकडे येणारी. तीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले, पूर्वेकडे कुठेतरी आसरा शोधायला निघालेले ज्यू. त्यांत हॅर्टा. आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. थोड्या दिवसांचा सहवास, प्रेम, मग मुंबईचा धक्का. चक्रधर उतरतो, हॅर्टाची बोट पुढे जाते, आणि पुढे ती समुद्रात जीव देते. दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागलं त्याच वर्षी हे पुस्तक निघालं. बेडेकर चित्रपटसृष्टीत दिग्दर्शक म्हणून वावरलेले, आणि आठवणीतून मागेपुढे जाणाऱ्या निवेदनात ती नजर जाणवते. ‘पानिपत’मध्ये वाट लांबत जाते आणि माणसं एका जागी कोंडली जातात. ‘रणांगण’मध्ये माणसं आधीच बोटीत कोंडलेली आहेत, वाट मात्र पुढे सरकत राहते, आणि प्रत्येक बंदर जवळ येणं म्हणजे ताटातूट जवळ येणं. दोन्हींत शस्त्र हाती नसलेलेच युद्धाची किंमत भरतात. हॅर्टाही एका मोठ्या खुर्द्यातलं नाणं आहे, आणि बेडेकरांनी ते एकच नाणं उचलून पुस्तकभर तळहातावर धरलं.

रेमार्कच्या 1929 सालच्या जर्मन कादंबरीचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. पश्चिम आघाडीवरच्या शिपायाची ती कथा सगळी ‘मी’ने सांगितलेली, आणि अगदी शेवटी ‘मी’ थांबतो. कुणीतरी तिऱ्हाईत दोन परिच्छेदांत सांगतो की तो गेला, आणि त्या दिवशी आघाडीवर विशेष काही घडलं नव्हतं. निवेदक बदलणं हाच तिथे मृत्यू. नाझींनी 1933 साली ते पुस्तक जाळलं, म्हणजे हॅर्टाला घालवणाऱ्या हातांनीच.

पानिपताच्या शेवटाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र रेमार्कच्या युक्तीने सुटत नाही, कारण पानिपताचा शेवट त्या संध्याकाळी झालाच नाही. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, ते अवघे अठरा वर्षांचे होते. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर बरीच माणसं त्यांना शोधत राहिली. त्यांचं शव मिळाल्याचं सांगितलं गेलं तरी मराठी मनाने ते मानलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पुण्याला परतल्या आणि नवरा जिवंत आहे याच समजुतीवर राहिल्या. पुढे एक तोतया उठला, आपणच भाऊ म्हणून, आणि त्याच्यामागे माणसं आणि किल्ले गेले. 1776 मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत नाना फडणिसांना त्या बंडाचा निकराने मुकाबला करावा लागला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. ज्याचा शेवट समाजच नाकारतो अशा घटनेवर कादंबरी लिहिताना शेवटचं प्रकरण कुठे थांबवायचं? रणजित देसाईंनी 1962 च्या ‘स्वामी’त उलटी वाट धरली. त्यांची गोष्ट पानिपतानंतर सुरू होते, आणि पराभव तिथे माधवराव पेशव्यांच्या घरातल्या शांततेसारखा पसरलेला आहे. ‘पानिपत’ आणि ‘स्वामी’ ही पुस्तकं सलग वाचली तर एका मोठ्या कादंबरीचे दोन खंड वाटतात, आणि दुसऱ्यातलं मौन पहिल्याच्या कोलाहलाला उत्तर देतं.

स्मृतीने केलेली आणखी एक रचना सांगायलाच हवी, कारण ती कोणत्याही कादंबरीकाराची नाही. लोक म्हणतात पानिपत संक्रांतीला झालं. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ती संक्रांत होती, 10 जानेवारी 1760. पानिपताची लढाई वर्षभराने, 14 जानेवारीला, पौष शुद्ध अष्टमीला झाली. त्या काळी संक्रांत जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास येई, आता ती सरकत चौदा-पंधरावर आली आहे. मराठी स्मृतीने त्या दोन घटनांना एकाच सणाच्या दिवशी बसवलं. तीळगूळ वाटताना ज्या घरांत आजही पानिपताचं नाव निघतं, तिथे लोकांनी स्वतःच ही कादंबरी संपादित केली आहे.

आणि खुर्दा? त्यातली काही नाणी इतिहासाने परत दिली. नाना फडणीस त्या दिवशी एकोणिसाव्या वर्षात होते. ते वाचले, त्यांची आई वाचली नाही. नानांनी स्वतःविषयी लिहिलं त्यात पळतीच्या त्या वाटेची हकिकत आहे, आणि मराठी गद्यात एवढं उघडं भय फार कमी ठिकाणी सापडतं. महादजी शिंदे पायाला कायमची जखम घेऊन पडले होते. त्यांना रानेखान नावाच्या एका पखालजीने उचलून नेलं. पाणी वाहणारा माणूस, पक्का बुणगा. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं, सरदारकी दिली, आणि उत्तरेतल्या त्यांच्या मोहिमांत रानेखानाचं नाव सेनानी म्हणून येतं. दिल्लीवर मराठ्यांचा जम पुन्हा बसवणाऱ्या माणसाला एका बुणग्याने रणातून बाहेर काढलं होतं. पानिपतावर पुढे कुणी कादंबरी लिहिलीच, तर ती या पखालजीच्या डोळ्यांनी लिहिली जावी. तिला अंबारी लागणार नाही आणि गोल फुटणार नाही.

तोवर जी पुस्तकं हाती आहेत ती वाचावीत, आणि नवागामच्या वाचकाने ती आपल्या बाजूने वाचावीत. बुऱ्हाणपूरचा मुक्काम येईल तिथे तापीची आठवण ठेवावी. गायकवाडांचं नाव येईल तिथे सोनगड डोळ्यांपुढे आणावा. धान्याचा भाव येईल तिथे वेग कमी करावा, कारण लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतलेली आहे. खानदेशातल्या कितीतरी घरांत कुणी पूर्वज पानिपताला गेला आणि परतला नाही, अशी एखादी ओळ आजीच्या तोंडी असते, नाव नसतं, हुद्दा नसतो. ती ओळ जिच्याकडून ऐकली तिच्याच अहिराणीत, जशीच्या तशी, पुस्तकाच्या समासात लिहून ठेवा.